चालता येतं, मग गाडी कशाला?

प्रश्न: ताई, गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला आणि गेलेला दम काही परत आला नाही. घरातलं सगळं करते, पण दहा मिनिटं सलग चालले की बसावंच लागतं. आता मुलगा सगळ्यांना थीम पार्कला नेतोय. ‘आई, तुझ्यासाठी तिथली मोबिलिटी स्कूटर भाड्यानं घेऊ,’ म्हणतो. म्हणजे ज्यांना फार चालवत नाही त्यांच्यासाठीची, बसून चालवायची बॅटरीवरची छोटी गाडी. मला कसंसंच होतं. धडधाकट दिसणारी बाई गाडीतून येणार आणि राइडपाशी उठून चालायला लागणार! लोक काय म्हणतील? शिवाय मला साधी सायकलसुद्धा येत नाही. – एक आजी

उत्तर: आजी, सायकल येत नाही हे उलट बरं. सायकलवाले घाबरले की मूठ आवळतात. या गाडीत हँडलजवळ अंगठ्यानं किंवा बोटांनी दाबायची एक पट्टी असते. दाबली की गाडी चालते, सोडली की आपोआप ब्रेक लागतो. म्हणजे घाबरल्यावर आवळायचं नाही, सोडून द्यायचं. एवढं हाताला कळलं की निम्मं शिकून झालं. वेगाच्या बटणापाशी बहुतेक गाड्यांवर कासव आणि ससा काढलेले असतात. मी दिवसभर कासवावरच असते.

आता लाजेचं. मला संधिवात आहे. पहिल्या वेळी मीही म्हटलं, सकाळी चालू या, दमले की घेऊ गाडी. दुपारी एकला काउंटरवर गेले तर एकही गाडी शिल्लक नव्हती. उरलेला दिवस बाकावर काढला, भाच्यांच्या पिशव्या सांभाळत. पुढचे दोन दिवस अंथरुणात. म्हणून सांगते, गाडी दारातच घ्या, आधी आरक्षण होत असेल तर कराच. दम संपल्यावर गाडीत बसलात तर तो भरून येत नाही. तो संपण्याआधी बसायचं. अशा ठिकाणी राइडपेक्षा राइडपर्यंतचं चालणंच जीव काढतं. ते चालणं गाडीवर सोपवा आणि पाय नातवंडांसाठी ठेवा.

लोक बोलतात, नाही असं नाही. एकदा मी राइडच्या दाराशी उठले तर मागून आवाज आला, ‘चमत्कार झाला बघा!’ मी म्हटलं, ‘हो, सकाळपासून बसून साठवलाय.’ ते गृहस्थ हसले. न हसते तरी माझी राइड चुकणार नव्हती.

मात्र गाडी आहे म्हणून रांग टळेल, असं धरून चालू नका. पुष्कळदा ती रांगेबाहेर ठेवून आत चालावं लागतं. किती पायऱ्या आहेत, राइड मध्येच बंद पडली तर चालत उतरावं लागतं का, हे तिथल्या माणसाला आधी विचारा. उतरण्याआधी किल्ली फिरवून बंद करा. उठताना पट्टीला धक्का लागला तर गाडी तुम्हाला न घेताच निघेल. त्याच कारणासाठी नातवाला मांडीवर बसवायचं नाही, कितीही रडला तरी.

वळण्याआधी वेग कमी करा आणि उतारावर आडवं वळू नका. तीनचाकी पटकन वळते, पण कलंडतेही लवकर. मिळाली तर चारचाकीच घ्या. बॅटरी पूर्ण भरलेली आहे ना, ते निघतानाच बघा, चढावर ती भराभर उतरते. खरा त्रास गर्दीचा. तुम्ही बसलेल्या, म्हणजे लोकांच्या कमरेच्या उंचीवर. मोबाइलमध्ये बघत चालणाऱ्यांना दिसतच नाही. मोठ्या नातवाला पुढे चालायला सांगा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. न्यूमोनिया होऊन वर्ष झालं तरी दम येत नसेल, तर जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा. गाडी हा त्यावरचा इलाज नव्हे. जोरात हिसके देणाऱ्या राइडमध्ये बसायचं की नाही, तेही त्यांनाच विचारा.

आणि हॉर्न कोण वाजवणार, हे घरूनच ठरवून निघा. आमच्याकडे त्यावरून दोन भाचे दिवसभर एकमेकांशी बोलले नव्हते.