ओव्याची अर्धी ओळ

(पत्र संक्षिप्त केलं आहे.)

ताई, माझ्या मिस्टरांचं वय ४१. पित्ताशयात खडे निघाले म्हणून तालुक्याच्या गावी ओळखीच्या डॉक्टरांकडे दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. पोट दुखतच होतं, चौथ्या दिवशी मी फोन केला तर सिस्टर म्हणाल्या गॅस असतो, म्हणून ओवा दिला. नवव्या दिवशी डोळे पिवळे दिसले म्हणून नेलं तर त्यांनी पुण्याला पाठवलं. तिथे कळलं की पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिकेलाच क्लिप लावून ती कापली आहे. आधी बाजूतून नळी टाकून पित्त बाहेर काढलं, दीड महिन्यानं मोठं ऑपरेशन झालं. साडेसात लाख गेले, पाच महिने घरी बसून काढले. आता त्या पहिल्या ऑपरेशनला १९ महिने झाले. धाकटे दीर म्हणतात पोलिस केस करू, नाहीतर काचा फोडू. सासूबाई म्हणतात, या डॉक्टरांनी मामंजींना वाचवलंय, तळतळाट घेऊ नका. मिस्टर काहीच बोलत नाहीत. केस करावी का? – एक वाचक, सातारा जिल्हा

मूळ पत्र चार पानी आहे. त्यात ऑपरेशनवर दीड पान, दिरांच्या रागावर एक, सासूबाईंवर एक आणि ओव्याला अर्धी ओळ. ती ओळ संपते आणि थेट नववा दिवस उजाडतो. पाचवा, सहावा, सातवा, आठवा दिवस पत्रात नाहीतच. ते कुठे गेले, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि म्हणूनच तुम्ही ते लिहिले नाहीत. ‘मी ओवा देत बसले’ हे गेले १९ महिने तुम्ही एकटीनं गिळून बसला आहात.

आता नीट वाचा. तुमची केस त्याच अर्ध्या ओळीत आहे.

पित्तनलिकेला इजा होणं ही या ऑपरेशनची माहीत असलेली गुंतागुंत आहे. हजारात साधारण तीन ते पाच जणांना ती होते आणि चांगल्या, अनुभवी हातांनीही होते. सूज असली, आतले भाग एकमेकांना चिकटलेले असले की पित्ताशयाची बारीक नळी आणि मुख्य नलिका पडद्यावर एकसारख्या दिसतात. तुम्ही सही केलेल्या संमतीपत्रावरही बहुधा हा धोका छापलेला असेल. म्हणजे ‘चुकीची नळी कापली’ एवढ्यावर लढायला गेलात तर समोरून एखादे मोठे सर्जन येऊन सांगतील की हे कुणाच्याही हातून होऊ शकतं, आणि ग्राहक आयोग ते ऐकून घेईल. कायद्याची मोजपट्टी साधारण कुशल डॉक्टरची आहे, २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालातही सर्वोच्च न्यायालयानं तीच लावली. तो मुद्दा तक्रारीत लिहा, सोडू नका. पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

ऑपरेशननंतरच्या दिवसांना मात्र ही ढाल पुरत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात वायू भरतात, त्यामुळे दोन-तीन दिवस खांदा दुखतो, पोट जड वाटतं, ते खरं. पण त्या माणसाला रोज कालच्यापेक्षा बरं वाटलं पाहिजे. चौथ्या दिवशी दुखणं वाढतंय, पोट फुगतंय, जेवण जात नाही, अंग कोमट आहे, असं असेल तर पित्त गळतंय का हे आधी बघायचं असतं. रक्तातलं बिलिरुबिन (काविळीची तपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी. दोन्ही तुमच्या तालुक्याच्या गावी त्याच दिवशी होतात. इजा झाली हा अपघात मानला, तरी ती चौथ्या दिवशी ओळखली असती तर पुढचे दिवस पोटात पित्त साचत राहिलं नसतं. सिस्टरनी फोनवर निदान करायचं नव्हतं, ‘पेशंटला घेऊन या’ एवढंच म्हणायचं होतं. आणि सिस्टर दवाखान्याच्या असतात. त्यांनी दिलेल्या उत्तराची जबाबदारी दवाखान्यावरच येते.

समोरच्या वकिलाचं पहिलं वाक्य आत्ताच सांगते: ‘सातव्या दिवशी टाके दाखवायला बोलावलं होतं, नातेवाईक नवव्या दिवशी आले, उशीर त्यांचाच.’ याला उत्तर एकच, तुमचा तो फोन. ज्या गोष्टीची तुम्हाला लाज वाटते आहे, ती झाकलीत तर त्यांचं वाक्य खरं ठरेल.

तेव्हा त्या फोनचा पुरावा काढा. तुमच्या मोबाइलमधली जुनी यादी पुसली गेली असेल, पण कंपन्यांना कॉलचा तपशील किमान दोन वर्षं ठेवावा लागतो आणि आयोग तो मागवू शकतो. दोन वर्षं उलटली की तो मिळेलच असं नाही. फोन सिस्टरच्या मोबाइलवर केला होता की दवाखान्याच्या नंबरवर, तो नंबर लिहून ठेवा. त्या दिवसांत तुम्ही बहिणीला, नणंदेला व्हॉट्सअ‍ॅप केलं असणारच, ‘यांचं पोट बघ कसं फुगलंय’ असं काहीतरी. तुमच्याकडून पुसलं गेलं असलं तरी त्यांच्या फोनमध्ये असेल. मेडिकलमधून गॅसची गोळी आणली असेल तर त्या बिलावर तारीख असते. आणि डिस्चार्ज कार्ड बाहेर काढून वाचा: ताप, उलटी, कावीळ, पोट फुगणे यांपैकी काही झाल्यास ताबडतोब या, असं त्यावर लिहिलंय का? नसेल तर तो तुमचा दुसरा मुद्दा.

मग फाइल. पेशंटला किंवा त्यानं नेमलेल्या माणसाला इनडोअर फाइलची (दाखल असतानाच्या कागदपत्रांची) प्रत मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागते आणि दवाखान्यानं ती तीन वर्षं जपायची असते. हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे, कुणाच्या मेहेरबानीचा प्रश्न नाही. अर्जात एकेक कागद नाव घेऊन मागा: ओटी नोट (ऑपरेशनची नोंद), भुलीची नोट, संमतीपत्र, सिस्टरांचा रोजचा ताप-नाडीचा तक्ता, तपासण्या, ऑपरेशनचं रेकॉर्डिंग केलं असेल तर ते. ‘संपूर्ण फाइल’ एवढंच लिहिलंत तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात ठेवतात. घ्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा.

पुण्याच्या सर्जनना ‘चूक कुणाची’ हे विचारू नका. ते सांगणार नाहीत, वर दार बंद होईल. त्यांच्याकडून फक्त त्यांची ऑपरेशनची नोट घ्या. क्लिप कुठे होती आणि नलिका कुठे तुटली होती, हे त्यात लिहिलेलंच असणार. दोन्ही फाइली जिल्ह्याबाहेरच्या एखाद्या निवृत्त सर्जनना दाखवा आणि त्यांचं मत लेखी घ्या. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये किशन राव प्रकरणात सांगितलंय. तिथे मलेरियाच्या बाईवर टायफॉइडचे उपचार चालले होते. तुमच्या प्रकरणात मात्र ते मत घ्याच, कारण ‘चौथ्या दिवशी तपासायला हवं होतं’ हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून यायला हवं.

दिरांना सांगा, काचा फोडल्या तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद होते, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. तुमची केस तिथेच संपेल आणि डॉक्टरांची सुरू होईल. पोलिस केसचंही तेच. फौजदारी गुन्ह्याला ढोबळ, अक्षम्य हलगर्जी लागते, तीही आधी दुसऱ्या डॉक्टरच्या अभिप्रायातून जाऊन. इथे ते टिकणार नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरच्या नोंदणीचं बघते, तुमचे साडेसात लाख नाही.

सासूबाईंशी वाद घालत बसू नका. मामंजींना वाचवलं असेल, त्याचे पैसे आणि आभार तेव्हाच पोचले. अशा दाव्यांसाठी बरेच डॉक्टर विमा काढून ठेवतात, तो असला तर भरपाई विमा कंपनी भरते. डॉक्टर तुमच्याशी बोलायचे बंद झाले, असं मूळ पत्रात आहे; त्यामागे उर्मटपणा असेल किंवा ‘काही कबूल करू नका’ हा विमावाल्यांचा सल्लाही असेल.

जागा एकच: साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग. आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) ठरते ती तुम्ही त्या दवाखान्याला दिलेल्या रकमेवरून. मागितलेल्या भरपाईचा तिथे संबंध नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. पण पैसे दिल्याचा पुरावा हवा. रोख दिले आणि कच्च्या कागदावर आकडा घेऊन आलात, असं झालं असेल तर बँकेतून ते पैसे काढल्याची नोंद शोधा. आणि मुदत दोन वर्षं. पुण्यात क्लिप कळली त्या दिवसापासून ती मोजावी, असं वकील सांगतील. तुम्ही ऑपरेशनच्या तारखेपासूनच मोजा. पाच महिने उरलेत. फाइल आणि मत मिळवायला दोन महिने, वकिलाला मसुद्यासाठी एक. म्हणजे हातात फार काही नाही. निकालाला वर्षं लागतील, आणि गंभीर इजेच्या वैद्यकीय हलगर्जीचं प्रकरण आयोग मध्यस्थीसाठी पाठवू शकत नाही.

केस करा. पण त्याआधी एक काम आहे आणि ते वकिलाकडचं नाही.

तक्रारदार तुम्ही नसाल, तुमचे मिस्टर असतील. पोट त्यांचं आहे, अर्जावर सही त्यांचीच लागेल. तुम्ही साक्षीदार, आणि तुमच्या शपथपत्रात तो फोन असणार. तो त्यांनी पहिल्यांदा वकिलाच्या टेबलावर ऐकू नये. ते काहीच बोलत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. पण तुम्ही तरी त्यांच्याशी काय बोललात? तुम्ही विचारलंत, जाणत्या माणसानं उत्तर दिलं, तुम्ही ते पाळलंत. नर्सिंग तुम्ही शिकलेल्या नाही, ती सिस्टर शिकली होती.

आज रात्री मुलं झोपली की सांगा. फोन किती वाजता केला, ते कॉटवर कसे वळून पडले होते, सिस्टर नेमकं काय म्हणाल्या. ओव्यापाशी थांबू नका, पाचवा, सहावा, सातवा, आठवा हे दिवसही सांगा. सांगून झालं की तारखांसह एका कागदावर उतरवा, वकिलाला तोच लागणार आहे. मग फाइलच्या अर्जावर त्यांची सही घ्या. अर्ज दोन प्रतींत, एकीवर दवाखान्याचा पोचेचा शिक्का, तारखेसकट.