यंदाचा फॉर्म भरू नकोस

कोल्हापूर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कराटेतल्या ब्राउन बेल्टची शेवटची पायरी पार पडल्यावर ब्लॅक बेल्टचा फॉर्म लगेच भरावा की थांबावे, असे तू विचारले आहेस. मैत्रिणीच्या क्लासमध्ये अवघ्या दीड वर्षात ब्लॅक बेल्ट मिळतो आणि तिकडे नाव घातले तर बारावीच्या आधी सगळे उरकेल, असेही लिहिले आहेस. दोन्हींचे उत्तर आधीच देतो. त्या क्लासला जाऊ नकोस, आणि आपल्याकडचा या खेपेचा फॉर्मही भरू नकोस. पुढच्या खेपेस भर. नुसते 'थांब' म्हटलेले तुझ्या वयात पटत नाही आणि पटूही नये, म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

ज्या बेल्टसाठी तुझा जीव एवढा खालीवर होतो आहे, तो कराटेत मुळात नव्हता. ओकिनावा या कराटेच्या जन्मभूमीतले जुने गुरू शिष्याच्या कमरेला कोणताही रंग बांधत नसत. जपानमध्ये कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान स्थापन करून ज्युदो शिकवायला सुरुवात केली, आणि पुढच्याच वर्षी आपल्या दोन शिष्यांना पहिली 'दान' श्रेणी दिली. काळा पट्टा ही त्या श्रेणीची खूण नंतर रूढ झाली. ओकिनावातील शाळामास्तर फुनाकोशी गिचिन १९२२ मध्ये तोक्योला प्रात्यक्षिकासाठी गेले, तिथेच राहिले, आणि १९२४ मध्ये त्यांनी ज्युदोची ही पद्धत उचलून आपल्या शिष्यांना पहिल्या दान श्रेणी दिल्या. पिवळा, हिरवा, निळा हे रंग तर १९२० आणि १९३० च्या दशकांत युरोपातील ज्युदोच्या वर्गांतून रुजले. पांढरा पट्टा वर्षानुवर्षे न धुता वापरल्याने काळा पडत गेला, ही गोष्ट तुला कोणी सांगितली असेल तर ती पुढे सांगू नकोस. तिला आधार नाही. बेल्ट ही गुरूने शिष्याच्या तयारीवर केलेली नोंद आहे, आणि नोंद करणारा जितका खरा तितकीच ती नोंद खरी.

कुस्तीत आणि आपल्यात मोठा फरक आहे तो इथे. तू शिवाजी पेठेत वाढलीस, त्यामुळे तालीम म्हणजे काय हे तुला सांगायला नको. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी इथल्या पैलवानांच्या कमरेला रंग नसतो. पहाटे माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या, लढती करायच्या, आणि कोण कुठल्या जोडीच्या लायकीचा झाला ते वस्तादांनी ठरवायचे. पण वस्तादांचा निर्णय चुकला तर समोरचा पैलवान तो दोन मिनिटांत दुरुस्त करतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या खासबाग मैदानात पाठ मातीला लागली की हजारो लोक साक्षीला असतात, आणि तिथे कोणी प्रमाणपत्र दाखवून वाचत नाही. कराटेच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना असे मैदान कधी मिळतच नाही. त्यांना तपासतात ते त्यांचेच परीक्षक, बंद हॉलमध्ये, आणि ब्लॅक बेल्ट कोणी द्यावा याचा साऱ्या जगाला लागू होणारा एकच नियमही नाही. प्रत्येक संस्था आपली मोजपट्टी आपण ठरवते. त्यामुळे परीक्षा ढिली असेल तर ते विद्यार्थ्याला कळतच नाही, आणि कळते तेव्हा बहुधा त्याची फार मोठी किंमत मोजावी लागते. दीड वर्षात बेल्ट देणाऱ्या क्लासबद्दल माझी तक्रार एवढीच आहे, पण ती लहान नाही. शोतोकान, म्हणजे फुनाकोशींच्या परंपरेतली कराटे, शिकवणाऱ्या बऱ्याच संस्थांत नियमित सरावाने पहिल्या दानपर्यंत पोहोचायला चार-पाच वर्षे लागतात. हा काळ फी उकळण्यासाठी लांबवलेला नसतो. शरीराला नवी सवय अंगवळणी पडायलाच तेवढा वेळ लागतो.

आता तुझ्याकडे येतो. मागच्या महिन्यात तू सरावाला आलीस तेव्हा तुझा 'बासाई दाई' हा काता, म्हणजे ठरावीक क्रमाच्या हालचालींची ती मालिका, मी तीन वेळा करून घेतला, तो उगाच नाही. पहिल्याच हालचालीत तू झेप छान घेतेस, पण उतरल्यावर पुढचा गुडघा सरळ होतो आणि डोके चार बोटे वर येते. डोके वर आले की वजन वर आले, आणि मग मागे वळून जो अडवणुकीचा हात यायला हवा तो अर्धा क्षण उशिरा येतो. प्रेक्षकांना हे दिसत नाही, ते टाळ्या वाजवतात. परीक्षकाला पहिल्या दोन सेकंदांत दिसते. दुसरी गोष्ट ग्याकु झुकीची, म्हणजे मागच्या हाताच्या ठोशाची. तुझी मूठ जोरात जाते, पण मागच्या पायाची टाच उचलली जाते, त्यामुळे तो जोर खांद्यातून येतो. तो जमिनीतून यायला हवा. टाच जमिनीला टेकलेली, मागचा पाय ताठ, कंबर आधी फिरते, मूठ सर्वांत शेवटी पोहोचते, आणि त्याच क्षणी दुसरा हात कमरेशी खेचला जातो. हा क्रम मोडला तर ठोसा दिसतो खरा, लागत मात्र नाही.

यावर उपाय साधा आहे. क्लासमधल्या दोन मुलांना एक लाठी आडवी धरायला सांग, झेनकुत्सु दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभे राहण्याच्या पवित्र्यात, खाली बसल्यावर तुझ्या डोक्याच्या वर दोन बोटे राहील इतक्या उंचीवर, आणि तिच्याखालून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोसे मारत जा. केस लाठीला लागले की परत पहिल्यापासून. मुले कंटाळतील, त्यांना आळीपाळीने बदल. पाऊल टाकताना पुढचा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेतच राहील इकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष दे. तो आत झुकला तर थांब. झटक्यात वळण्याच्या आणि उडी मारून उतरण्याच्या खेळांत गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असते, आणि एकदा तो तुटला की सहा-नऊ महिने, कधी त्याहून अधिक, सराव बंद होतो. बैठका चालू ठेव, पण संख्येच्या मागे लागू नकोस. गुडघा डळमळला की ती बैठक मोजायची नाही.

तू लिहिले आहेस की 'हेयान' आता लहान मुलांचे वाटतात आणि बासाई करायला मजा येते. हेयानचे पाचही काता इतोसु आन्को यांनी ओकिनावातील शाळकरी मुलांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधले, ही गोष्ट खरी आहे. पण पुढच्या कठीण कातांत जे काही आहे त्याचा पाया त्यांत जसाच्या तसा आहे, आणि म्हणूनच पहिल्या दानच्या परीक्षेत अनेक ठिकाणी विद्यार्थ्याच्या आवडीच्या काताबरोबर एखादा हेयान परीक्षक स्वतः निवडून करायला लावतात. आवडीचा काता कोणीही घोटून आणतो. न सांगितलेला हेयान कसा होतो त्यावरून रोजचा सराव कळतो. स्वतः फुनाकोशी यांनी तेक्कीचे तीन काता शिकण्यात दहा वर्षे घालवली होती. तुझ्याकडून मी दहा वर्षे मागत नाही. पुढचे सहा महिने आठवड्यातला एक दिवस फक्त हेयानला दे, आणि त्या दिवशी बासाईला हातही लावू नकोस.

कुमितेबद्दल, म्हणजे समोरासमोरच्या लढतीबद्दल, मला तुझी काळजी कमी आणि तुझ्यासमोर उभ्या राहणाऱ्या मुलींची जास्त वाटते. तू चपळ आहेस, उंच आहेस, आणि नवीन मुलींवर तुझा हात सहज पोहोचतो. परीक्षेत गुण मिळतात ते लक्ष्याच्या अगदी जवळ, पूर्ण वेगात जाऊन हात थांबवण्याला, आणि तसा थांबवता येणे हे मारता येण्यापेक्षा कठीण आहे. पिवळ्या बेल्टवरच्या मुलीबरोबर सराव करताना तिच्या वेगाने खेळ, तिला दोन वेळा तुझ्यापर्यंत पोहोचू दे, आणि तिचा पहारा कुठे उघडा पडतो ते सराव संपल्यावर तिला शांतपणे सांग. तुझ्याबरोबर खेळल्यावर ती दुसऱ्या दिवशी परत क्लासला आली पाहिजे. मी ब्लॅक बेल्टसाठी ज्यांची शिफारस करतो त्यांच्यात हे आधी पाहतो, काता त्यानंतर.

बारावीच्या सवलतीच्या गुणांविषयीही तू गोंधळली आहेस असे दिसते. ते गुण मिळतात शासनाने मान्य केलेल्या स्पर्धांमधील सहभागावर आणि प्राविण्यावर. बेल्टचे प्रमाणपत्र त्यासाठी चालत नाही, मग तो कोणत्याही रंगाचा असो. म्हणजे ज्या कारणासाठी तू घाई करते आहेस ते कारणच उरत नाही. गुण हवे असतील तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन नियम विचार आणि शालेय स्पर्धांची तयारी कर. ऑलिम्पिकचेही स्पष्ट लिहितो, कारण तुझ्या पत्रात तो शब्द दोनदा आला आहे. तोक्यो २०२० च्या ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ मध्ये, कराटेचा समावेश झाला होता. पॅरिसला २०२४ मध्ये तो नव्हता आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही नाही. आशियाई खेळांत कराटे आहे. ऑलिम्पिक हेच ध्येय असेल तर ज्युदो किंवा तायक्वांदो यांचा विचार आताच करावा लागेल, आणि तसे ठरवलेस तर मला वाईट वाटणार नाही, मी स्वतः तुला तिथल्या शिक्षकांकडे घेऊन जाईन.

खाशाबा जाधवांचे उदाहरण या शहरात कोणीही देते, पण त्यातली एक बाजू क्वचितच सांगितली जाते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. लाल मातीत घडलेल्या त्या पैलवानाला मॅटवरची कुस्ती नवी होती. त्यानंतरची चार वर्षे त्यांनी नव्या नियमांत आणि नव्या मैदानात स्वतःला घडवण्यात घालवली, वरच्या वजनगटात उतरले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले होते. ज्या गावात शिक्षकाने शिष्यासाठी घर गहाण ठेवले, त्या गावात बेल्ट विकत मिळावा याचा मला मनापासून संताप येतो.

आत्मसंरक्षणासाठी लवकर बेल्ट हवा, असे तुझ्या आईचे म्हणणे आहे. त्यांना माझा नमस्कार सांग आणि एवढे सांग की रस्त्यावर कोणी अंगावर आले तर पहिले काम मोठ्याने ओरडण्याचे, दुसरे तिथून निघण्याचे आणि तिसरे ११२ ला फोन लावण्याचे. हात चालवायचा तो निघायला वाट मिळावी एवढ्यापुरता. हे ग्रीन बेल्टवरच्या मुलीलाही येते, आणि बेल्टच्या भरवशावर चार माणसांशी भिडणारी ब्लॅक बेल्ट मुलगी तिच्यापेक्षा अधिक धोक्यात असते.

पावसाळ्यात सराव मोडतो तो कंटाळ्यापेक्षा ओल्या कपड्यांमुळे मोडतो, असे मी दरवर्षी पाहतो. जुलैत आपल्याकडे झड लागली की कराटेचा जाड ड्रेस दोन-दोन दिवस वाळत नाही, त्याला वास येतो, आणि मुले यायची बंद होतात. घरी साध्या टी-शर्टमध्ये सराव कर, त्याने काही बिघडत नाही. मात्र ओल्या फरशीवर वळण्याचे काता करू नकोस. त्या दिवसांत उभ्याने किहोन, म्हणजे ठोसे-अडवणुकीचा मूलभूत सराव, कर, श्वासाकडे लक्ष दे, आणि उघडीप मिळाली की रंकाळ्याभोवती पळून ये. मुठी कठीण करण्यासाठी भिंतीवर किंवा लाकडावर ठोसे मारण्याचे जे व्हिडिओ तू पाहतेस ते बंद कर. तुझ्या वयात बोटांची हाडे अजून पक्की होत असतात, आणि त्याच बोटांनी तुला बारावीचे पेपर लिहायचे आहेत.

राहिला फीचा प्रश्न. पुढच्या खेपेचा फॉर्म येईल तेव्हा तो घरी ने आणि परीक्षेची फी किती, नोंदणीची किती, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आणि त्यावर सही कोणाची, या चार गोष्टी वडिलांना कार्यालयात समक्ष विचारायला सांग. पावती घ्यायचीच, मग समोर मी असलो तरी. नापास झालीस तर फेरपरीक्षेला पुन्हा पूर्ण फी लागते की नाही, हेही त्याच वेळी विचारून ठेव. पैशांची अडचण असेल तर संकोच न करता आधी मला सांगायचे. त्यावाचून परीक्षा अडू देणार नाही.

येत्या रविवारी सकाळी सहाला ये. येताना तुझी ती पिवळ्या बेल्टवरची शेजारीण आणि एक लाठी सोबत आण.

तुझा हितचिंतक,
सर