माणूस शोधण्याआधी तास मोजा

प्रश्न: ताई, मी ३६ वर्षांचा आहे. पाच वर्षांपूर्वी अपघातात मानेला मार बसला, तेव्हापासून व्हीलचेअर. हात थोडे चालतात, बोटं नाहीत. घरून अकाउंट्सची कामं करतो. इतके दिवस सगळं आईने केलं पण आता तिचीच कंबर गेलीये. ब्युरोकडून आठ महिन्यांत पाच अटेंडंट आले नि गेले, शेवटचा तर उचल घेऊन पळाला. २४ तासांचा माणूस परवडत नाही आणि टिकणारा मिळत नाही. काय करू?

उत्तर: उचल घेऊन पळाला हे वाचून हसूच आलं, तुमच्यावर नाही हो, माझ्यावर. माझ्याकडच्या दुसऱ्या अटेंडंट बाई दोन महिन्यांचा पगार आधी घेऊन सुट्टीवर गेल्या त्या गेल्याच.

आधी ते '२४ तासांचा माणूस' डोक्यातून काढा. आठवड्याचे तास होतात १६८. कारखान्यातल्या कामगाराला ४८ तासांचा आठवडा हे १९१९ सालीच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्या करारात आलं, त्या हिशोबाने तुम्हाला साडेतीन माणसं लागतात आणि आपण ते सगळं एकाच्या डोक्यावर टाकतो, वर रात्रीही उठवतो, मग तो पळणार नाही तर काय.

तर एक वही घ्या आणि आठवडाभर फक्त लिहा, कुणाचा हात कधी लागला आणि किती मिनिटं. मी लिहिलं तेव्हा हाताने करायचं काम निघालं दिवसाला सव्वापाच तास! बाकी वेळ बाई मोबाईल बघत बसायच्या आणि मी त्याचे पैसे मोजत होते. तुमचं बहुतेक सकाळी मोठं काम निघेल (संडास, अंघोळ, कपडे, चेअरवर बसवणं), दुपारी थोडं, रात्री परत एक तास. म्हणजे दोन पार्ट टाइम माणसं, आणि पगार त्या तासांचा. रात्रीचा प्रश्न कुशी बदलण्याचा. साधारण दर दोन तासांनी बदलायला सांगतात, पण चांगली एअर मॅट्रेस असेल तर ते अंतर वाढवता येईल का ते डॉक्टरांना विचारा. मनाने वाढवू नका, बेडसोअर (एकाच कुशीवर दाब पडून होणारी जखम) झाला तर खर्च फार मोठा होऊ शकतो.

माणूस शोधायला ब्युरो वाईटच असतो असं नाही, खाडा झाला तर बदली माणूस देणं ही त्याची जबाबदारी, कमिशन त्याचंच घेतो. पण मला टिकलेली माणसं मिळाली ती फिजिओथेरपिस्टकडून आणि दुसऱ्या व्हीलचेअरवाल्यांकडून, कुणाचा अटेंडंट अर्धा दिवस मोकळा असतो, कुणाकडचं काम संपलेलं असतं. नर्सिंग शिकणारी मुलंही सकाळच्या दोन तासांना तयार होतात. फोनवरच स्पष्ट बोला: वजन इतकं आहे, ट्रान्सफर बोर्डने (पलंगावरून चेअरवर सरकायची फळी) सरकवायचं आहे, शी-शू साफ करायची आहे, युरिन बॅग रिकामी करायची आहे. लाज वाटते, माहितीये. पण 'आजारी माणसाजवळ बसायचंय' असं सांगून बोलावलेला दुसऱ्या दिवशी येत नाही, तुमचे पाचातले निदान दोन तरी असेच गेले असणार.

पहिला दिवस ट्रायल, पण पैसे देऊन, आणि जुना माणूस असेल तर दोघं एकत्र. त्या दिवशी एक गोष्ट करून दाखवायचीच. मानेची इंजुरी आहे म्हणजे तुम्हाला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया माहीत असेलच: कॅथेटरची नळी मांडीखाली मुडपते, लघवी तुंबते, एकदम डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल, घाम, बीपी भसाभस वर. नव्या माणसाला वाटतं झोपवावं, आणि तिथेच चुकतं. सरळ बसवायचं, घट्ट कपडे-पट्टे सैल करायचे, नळी बघायची, उतरलं नाही तर लगेच अँब्युलन्स. हे मोठ्या अक्षरात लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवा.

आता पैसे. पगाराची तारीख, पगारी सुट्ट्या, जादा तासांचा दर, एवढं एका कागदावर, दोघांच्या सह्या. पगार बँकेतून. एटीएमचा पिन कुणालाही नाही, कितीही जीव लावणारा असला तरी. उचल द्यायचीच नाही हे काही जमत नाही, अडचण खरी असते, पण अर्ध्या पगारापेक्षा जास्त नको आणि दर महिन्याला थोडी थोडी कापायची, वहीत लिहून.

अपघाताची केस अजून चालू असेल तर वकिलाला विचारा की पुढच्या आयुष्यभराच्या अटेंडंटचा खर्च मागितलाय का, बरेच जण फक्त हॉस्पिटलची बिलं जोडतात. डॉक्टरांकडून रोज किती तास मदत लागते हे लिहून घ्या, तुमची ती वही इथे कामाला येते. सरकारी मदतीसाठी अर्ज करतानाही तासांतच लिहा. स्वीडनमध्ये १९९४ पासून असेच तास मोजून पैसे मिळतात आणि माणूस अपंग व्यक्ती स्वतः निवडते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातही कलम १९ मध्ये वैयक्तिक मदतनीस आहे, अर्जात तो शब्द वापरायला काही हरकत नाही.

आईंना मात्र एकदा प्रेमाने सांगा की सूचना तुम्हीच देणार. दोन मालक असले की माणूस तिसऱ्या आठवड्यात जातो.

आणि हो, तो पळालेला परत फोन करेल, करतातच. घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, पण घेतलंत तर जुनी उचल वहीच्या पहिल्या ओळीत लिहा.