ध्यानाला बसलं की डोळ्यापुढं ऑर्डरीच येतात

"मॅडम, ध्यानाला बसलं की डोकं शांत व्हायचं सोडून जास्तच पळतंय, मला हे जमणारच नाही का?" हा प्रश्न माझ्याकडे इतके जण घेऊन येतात की म्हटलं एक केस लिहूनच टाकावी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

बाई चाळिशीच्या, कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफांना दागिन्यांची डिझाइन्स करून देतात. कोल्हापुरी साजात तर हातखंडा, 21 पानं, त्यातले दशावतार, अष्टमंगल, सगळं तोंडपाठ. पण बरेच महिने नवीन काही सुचेना, जुन्याच डिझाइनला जरा वळण द्यायचं आणि पाठवायचं. घरात सासूबाईंचं आजारपण, पोराची दहावी. कुणीतरी सांगितलं मेडिटेशननं क्रिएटिव्हिटी वाढते, झालं, अ‍ॅप घेऊन पहाटे देवघरापुढं बसायला सुरुवात.

"मी बसतोय वो रोज, पण डोळे मिटले की लगीनसराईच्या ऑर्डरीच दिसत्यात बघा. वर कामं टाकून स्वतःचे लाड करतोय असं वाटतंय."

मी विचारलं, मन ऑर्डरीकडं गेलंय हे कळतं का? म्हणाल्या, "कळतंय की मधीच." मग झालं की, तेच तर करायचं असतं! मन पळणार, ते लक्षात येणार, परत श्वासावर यायचं. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात पेशंटसाठी माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला, त्यातसुद्धा विचार बंद करा असं सांगत नाहीत. निवांत बसलं की मेंदूतलं डिफॉल्ट मोड नेटवर्क जोरात चालतं, मागचं आठवणं, पुढचं रंगवणं हे त्याचं काम, आणि नवीन सुचण्यातही त्याचा वाटा असतो, मग त्याच्याशी भांडून काय उपयोग.

देवघरापुढचं बसणं आम्ही बंदच केलं. पोराला क्लासला सोडून त्यांनी रंकाळ्यावर जायचं, फोन पर्समध्ये, दहा मिनिटं एकच गोष्ट बघायची आणि बघत बघत काढायची. अट एकच, ते पान कुठल्याच सराफाला दाखवायचं नाही. चित्रकार आबालाल रहिमान 1931 मध्ये वारले, तोवर इथलाच रंकाळा, इथलंच कोटितीर्थ किती वेळा रंगवलं त्या माणसानं! (आबालाल व्हायचं नाहीये, हेही सांगावं लागलं.)

पहिल्या आठवड्यात वैतागून आल्या, "नुसत्या बगळ्याच्या टंगड्या काढल्या." म्हटलं चालतंय, काढा.

खरी अडचण वेगळीच होती. त्या दहा मिनिटांत सासूबाईंजवळ कोण? नवऱ्याला बोलावून घेतलं, सकाळची औषधं त्यांनी द्यायची ठरलं, माझ्या मते अर्धी ट्रीटमेंट तीच. घरातलं काम कुणी उचलणार नसेल तर सेल्फ-केअर म्हणजे नुसत्या गप्पा.

हळूहळू चिडचिड कमी झाली, झोप जरा बरी लागायला लागली. पुढं दोन-तीन नवी डिझाइन्सही आली, पण ती रंकाळ्यानं दिली असं मी म्हणणार नाही, तोवर लगीनसराईही संपली होती ना. मन अजून पळतंच, पण आता त्याची तक्रार घेऊन येत नाहीत.

एक मात्र बघा, डोळे मिटून बसल्यावर धडधड वाढत असेल, जुनं काही भयंकर वर येत असेल किंवा सतत उदास वाटत असेल तर जबरदस्तीनं बसू नका, थांबा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.