कापडी पिशवी घ्यावी की प्लास्टिकची कुंडी?

प्रश्न: नागपूरला गच्चीवर टोमॅटो, वांगी, मिरची लावायची आहेत. कापडी पिशवीत मुळं चांगली फुटतात असं ऐकून १२ × १२ इंचाच्या हिरव्या ग्रो बॅगा आणल्या. पण त्यांच्या बाजूंनी पाणी अजिबात झिरपत नाही, फक्त तळाच्या भोकांतून येतं. पिशव्या खराब निघाल्या का?

उत्तर: पिशव्या चांगल्याच असतील, पण त्या कापडी नाहीत. आपल्याकडे ‘ग्रो बॅग’ म्हणून सर्वात जास्त विकली जाते ती हिरवी पिशवी एचडीपीईची, म्हणजे विणलेल्या प्लास्टिकवर प्लास्टिकचाच थर दिलेली असते. कापडी म्हणजे जिओ फॅब्रिकची पिशवी, नमद्यासारखी दाबून केलेली. ओळखायला सोपं आहे: कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर जिओ फॅब्रिक, अडली तर एचडीपीई. घेताना जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, विचारून घ्या. भाज्यांना २०० ते २५० चालतं. फळझाडाला ३०० च्या खाली घेऊ नका, पातळ पिशवी भरल्यावर फुगते आणि उन्हाने लवकर विरते.

मुळांबद्दल ऐकलेलं खरं आहे, पण ते जिओ फॅब्रिकला लागू. त्यात मूळ कापडापर्यंत पोचलं की टोकाला कोरडी हवा लागते, टोक सुकतं आणि मागून नवी बारीक मुळं फुटतात. प्लास्टिकच्या कुंडीत आणि तुमच्या हिरव्या पिशवीतही मूळ भिंतीला आपटून वळतं आणि कडेकडेने गोल फिरत राहतं. चार-पाच महिन्यांत संपणाऱ्या टोमॅटोला याने काही बिघडत नाही. वर्षानुवर्षं राहणाऱ्या लिंबाला किंवा कढीपत्त्याला फार बिघडतं.

शिवाय जिथून हवा आत जाते तिथूनच पाणी बाहेर जातं. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या कोरड्या वाऱ्यात, जिओ फॅब्रिकच्या पिशवीला सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. एक वेळ चुकली तरी मिरची फुलं टाकते. त्यामुळे तुमच्या भाज्यांसाठी हिरव्या पिशव्याच ठेवा, बदलू नका. फक्त दोन गोष्टी करा. तळापासून एक इंच वर, बाजूला चार भोकं पाडा, कारण तळाची भोकं फरशीला टेकून बुजतात. आणि मातीवर दोन इंच पालापाचोळ्याचं किंवा उसाच्या चिपाडांचं आच्छादन द्या. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या मात्र पश्चिमेच्या उन्हात ठेवू नका. कडेची माती ४० अंशांपलीकडे तापते आणि कडेची मुळं तिथेच भाजतात. ठेवाव्याच लागल्या तर बाहेरून गोणपाट गुंडाळा.

प्रश्न: रत्नागिरीजवळ राहतो. प्लास्टिकच्या कुंडीतला मोगरा आणि कागदी लिंबू दर पावसाळ्यात पिवळे पडतात. कुंडीच्या तळाशी तीन इंच खडी घातली आहे, तरी माती चिखल होते. पिशव्या घेऊ का?

उत्तर: घ्या, आणि जिओ फॅब्रिकच्याच घ्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे प्लास्टिकच्या कुंडीत मातीतली हवा आठवडेच्या आठवडे परत येत नाही. मुळं श्वासावाचून कुजतात आणि वर पानं पिवळी दिसतात. अशा वेळी खत घातलं तर कुजणं वाढतंच.

खडीचा थर बहुतेक बागांमध्ये घालतात, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत उतरायला तयार नसतं. वरची माती पुरती चिंब झाल्यावरच ते खाली सुटतं. म्हणजे पूर्वी तळाशी साचणारं पाणी आता तीन इंच वर, मुळांच्या आणखी जवळ साचतं. खडी काढून टाका. भोकावर एक खापरी पुरे, तीही माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठीच.

लिंबाला १८ × १८ इंचाची पिशवी घ्या, मोगऱ्याला १२ × १२ ची. मिश्रणात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कमी करा, ते पाणी धरून ठेवतं. पाच भाग लाल माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत, दोन भाग भाताचं तूस किंवा विटांचा हरभऱ्याएवढा चुरा. पिशवी विटांवर ठेवा. जमिनीवर टेकलेल्या पिशवीचा तळ कधीच सुकत नाही आणि मग कापड घेतल्याचा अर्धा फायदा जातो.

प्रश्न: पुण्यात बोअरचं पाणी वापरतो. कापडी पिशव्यांवर बाहेरून पांढरा थर आला आहे आणि पानांची टोकं करपली आहेत. बुरशी आहे का?

उत्तर: थर ओल्या बोटाने चोळा. खरखरीत पूड लागली तर ते क्षार आहेत. मऊ, कापसासारखं असेल तर बुरशी. बोअरच्या जड पाण्यातलं पाणी कापडावरून उडून जातं, क्षार मागे राहतात. रोज थोडं-थोडं पाणी घातलं तर ते मातीतही साठतात आणि पानांची टोकं जाळतात. महिन्यातून एकदा मातीच्या दुप्पट पाणी, म्हणजे २० लिटर मातीला ४० लिटर, हळूहळू सोडा आणि खालून पूर्ण वाहू द्या. त्या दिवशी ताटली काढून ठेवा, नाहीतर तेच खारट पाणी पिशवी परत शोषून घेते. पावसाचं पाणी साठवता आलं तर यासाठी तेच वापरा. बाहेरचा थर कोरड्या ब्रशने झाडून टाका. त्याने झाडाला अपाय नाही.

प्रश्न: १० इंची प्लास्टिकच्या कुंडीत तीन वर्षांचा कढीपत्ता आहे. पाणी घातलं की लगेच खालून निघून जातं, तरी झाड कोमेजलेलं. पिशवीत हलवायचं आहे. कसं?

उत्तर: कुंडीत आता मातीपेक्षा मुळंच जास्त आहेत. पाणी मुळांचा गोळा आणि भिंत यांच्या फटीतून निसटतं आणि आतला गाभा कोरडा राहतो. हलवायला जूनचा पहिला पंधरवडा उत्तम. थंडीत कढीपत्ता वाढत नाही, तेव्हा छेडू नका.

आदल्या दिवशी कुंडी पाण्याने भरलेल्या टबात अर्धा तास बुडवा. बुडबुडे थांबले की गाभा भिजला. दुसऱ्या दिवशी कुंडी आडवी करून बाजू दाबत फिरवा. बुंधा धरून ओढू नका, कुंडी ओढा. निघत नसेल तर कुंडी कापा, झाड महत्त्वाचं. गोळ्याच्या तळाला चटईसारखी गुंडाळलेली मुळं दिसतील, ती साधारण इंचभर जाडीने धारदार सुरीने कापा. बाजूने वरून खाली चार चिरा द्या, प्रत्येक अर्धा इंच खोल. ही पायरी बहुतेक जण जिवावर येते म्हणून गाळतात आणि मग नव्या पिशवीतही मुळं जुन्या वळणानेच फिरत राहतात. कापडाचा उपयोगच होत नाही. मुळं कापली त्या मानाने शेंडेही एक तृतीयांश छाटा.

१५ × १५ इंचाची पिशवी जिथे कायम ठेवायची तिथेच आधी मांडा. भरल्यावर ती ५० किलोच्या आसपास जाते आणि कडा धरून उचलली की आतला गोळा फुटतो. जुना गोळा सोडून सुमारे ३० लिटर मिश्रण लागेल: १२ लिटर लाल माती, ९ लिटर गांडूळखत, ९ लिटर धुतलेलं कोकोपीट, वर दोन मुठी निंबोळी पेंड. काळी माती नको. ती सुकली की आक्रसते, कापडापासून सुटते आणि पाणी पुन्हा कडेनेच पळतं. तळाला मिश्रण घालून बुंध्याची पातळी पूर्वीएवढीच ठेवा, कडेने हाताने दाबत भरा, वर दोन इंच जागा मोकळी सोडा. पाणी दोन हप्त्यांत घाला: अर्धं आधी, उरलेलं दहा मिनिटांनी. कोरडं कोकोपीट पहिलं पाणी झिडकारतं, दुसरं पितं. आठ-दहा दिवस सावली, आणि नवी पालवी फुटेपर्यंत खत नाही.

प्रश्न: अळू, पुदिना आणि बियांची रोपं कशात लावावीत?

उत्तर: तिन्ही प्लास्टिकमध्ये. अळू आणि पुदिन्याला ओल हवी, रोपांच्या छोट्या कापडी पिशव्या दुपारपर्यंत सुकतात. पुदिन्याला खोल कुंडीपेक्षा पसरट टब चांगला. सहा इंच खोली पुरते.

प्रश्न: सोसायटीने कापडी पिशव्यांना हरकत घेतली आहे. गच्ची गळेल म्हणतात.

उत्तर: सोसायटीचं म्हणणं ऐकायला हवं. झिरपत्या पिशवीखाली फरशी सतत ओली राहते आणि कापडातून निघालेली मुळं सांध्यांत शिरतात. पिशव्या चार इंच उंच लोखंडी स्टँडवर ठेवा, खालची जागा आठवड्याला झाडा. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. १५ इंची तीन भरलेल्या पिशव्या तेवढ्यात मावतात, त्यावर माणसाचं वजन मावत नाही. म्हणून मोठ्या पिशव्या मधोमध न ठेवता कठड्याच्या आतल्या बाजूने, खाली तुळई किंवा भिंत असेल तिथे, सुट्या-सुट्या ठेवा. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून मगच भरा. पावसाळ्यात पिशवीखाली ताटल्या नकोतच, साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डेंग्यूचे डास तयार होतात.