बारा दिवस झाले, अमोनिया काही उतरेना

प्रश्न : दादा, मी नाशिकला इंदिरानगरात राहतो. गोड्या पाण्याची टाकी सहा वर्षं सांभाळली, आता पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याची लावलीय, अडीच फुटी, साधारण सव्वाशे लिटर. मुंबईहून नऊ किलो लाईव्ह रॉक (जिवंत बॅक्टेरिया-किडे असलेला प्रवाळाचा दगड) ओल्या पेपरात गुंडाळून आणला, कसारा घाटात तीन तास अडकलो ते वेगळंच. आज बारावा दिवस. टेस्ट किटवर अमोनिया २ च्या खाली येत नाही, नायट्राइटची ट्यूब गच्च जांभळी, दगडावर तपकिरी भुकटी आणि हॉलमध्ये सुकटाचा वास, बायको रोज विचारते हे काय आणलंय. दुकानदार म्हणतो दोन डॅमसेल (छोटे काटक समुद्री मासे) सोडा, सायकल (अमोनिया-नायट्राइट पचवणारे बॅक्टेरिया टाकीत जमणं) पटकन होईल. पोरीला वाढदिवसाला क्लाऊनफिश कबूल केलाय, वीस दिवस राहिलेत. काय करू?

उत्तर : डॅमसेल अजिबात सोडू नका. मासा सोडायचा तो अमोनिया तयार व्हावा म्हणून, आणि तुमच्याकडे अमोनिया आधीच उतू चाललाय, मग त्या बिचाऱ्याला कशाला भाजायचं? वर डॅमसेल वाचलाच तर टाकीचा दादा होतो, नंतर आलेल्या क्लाऊनला कोपऱ्यात दाबतो आणि त्याला पकडायला सगळा दगड उपसावा लागतो.

झालंय असं की घाटात अडकलात तेव्हा दगडावरचे स्पंज, किडे, शेवाळ मेलं आणि ते आता सडतंय. नायट्राइट चढलाय म्हणजे अमोनिया खाऊन नायट्राइट करणारे बॅक्टेरिया कामाला लागलेत, नायट्राइट खाणारे मात्र उशिरा जमतात, त्यांची वाट बघावीच लागते. तपकिरी भुकटी म्हणजे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ, तिच्यामागे लागू नका.

हात घालायचा तो वासात. टाकीतलंच खारं पाणी टबात घ्या आणि एकेक दगड काढून नाकाशी धरा. समुद्रासारखा वास आला तर ठीक, सडक्या अंड्यासारखा आला तर उलटा करून बघा, खाली पांढरट-करडा बुळबुळीत थर सापडेल, तो जुन्या टूथब्रशने घासून काढा. नळाखाली धरू नका, मी पहिल्या टाकीला हाच शहाणपणा केला होता, दगड चकाचक झाला आणि सायकल पार पहिल्यापासून करावी लागली.

मग तळाचा गाळ पाईपने ओढून तीस लिटर पाणी बदला. घरच्या आरओचं पाणी वापरत असाल तर आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावा, कारण पिण्याच्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, तो व्हॉल्व्ह बंद करून घ्या. मरीन सॉल्ट लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, आदल्या दिवशी बादलीत पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून ढवळत ठेवा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं यंत्र) १.०२५ दिसल्यावरच ओता.

आपल्याकडचा एप्रिल म्हणजे टाकीचं पाणी रोज उडणार, पण मीठ उडत नाही, मागेच राहतं, म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याचीच, खाऱ्याची नाही. पारा ३० च्या वर गेला तर पाण्यावर छोटा पंखा सोडा, कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि या बॅक्टेरियांना तोच लागतो. लाईट गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप घेऊनच ठेवा.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की चिमूटभर खाणं टाकून चार-पाच दिवस रोज तपासा. दोन्ही शून्यच राहिले तर सायकल झाली. नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटचा (नायट्राइटपासून पुढे बनतो तो) आकडा खरा धरू नका, किट उगाच जास्त दाखवतं. शेवटी निम्मं पाणी बदलून क्लाऊनची एक जोडी, बस.

अजून एक, आपल्या समुद्रातलं प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, तेव्हा हा दगड आला कुठून ते दुकानदाराला विचारा. पुढच्या वेळी सरळ ड्राय रॉक (जीव नसलेला कोरडा दगड) आणि बाटलीतले बॅक्टेरिया घ्या.

वीस दिवसांत होईलही, नाहीही होणार. नाहीच झालं तर वाढदिवसाच्या रात्री टाकीचे दिवे घालवा, टॉर्चला लाल कागद लावा आणि पोरीला दगडाच्या फटी दाखवा. तगले असतील तर ब्रिसल वर्म (केसाळ समुद्री किडे) बाहेर डोकावतील, काचेवर टाचणीच्या टोकाएवढे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीचे इवलेसे भाईबंद, उड्या मारताना दिसतील.