प्रश्न वाचकांचे : बोलण्याचा अभ्यास म्हणजे नेमके काय?

प्रश्न : पदवीच्या पहिल्या वर्षासाठी 'भाषण आणि मानवी संज्ञापन' (संज्ञापन म्हणजे कम्युनिकेशन) हा विषय घेण्याचा माझा विचार आहे. विषयाबद्दल कुतूहल आहे. परंतु चारचौघांत बोलायला उभी राहिले की घसा कोरडा पडतो आणि पाठ केलेलेही आठवत नाही. घरचे म्हणतात, बोलता तर सगळ्यांनाच येते, त्यात शिकायचे काय? मी हा विषय घ्यावा का?

उत्तर : घरच्यांचा आक्षेप आणि तुमची भीती, दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती अशी की हा विषय म्हणजे सफाईने बोलण्याचे शिक्षण. ही समजूत अगदीच निराधार नाही. १९१४ मध्ये अमेरिकेत १७ अध्यापकांनी इंग्रजीच्या शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडून वक्तृत्व शिकवणाऱ्यांची वेगळी संघटना काढली, आणि आजच्या संज्ञापन विभागांपैकी पुष्कळांची वंशावळ त्या वक्तृत्वाच्या वर्गांपर्यंत जाते. पहिल्या वर्षी भाषण करायला लावणारा एक तरी अभ्यासक्रम अजूनही बहुतेक ठिकाणी असतो. मात्र त्याच्या पुढे जे आहे त्यात तुम्ही किती छान बोलता यापेक्षा माणसे बोलताना काय करतात हे तुम्हाला किती बारकाईने दिसते, याला अधिक किंमत आहे.

एक नेहमीचा स्वाध्याय सांगतो. दोन मैत्रिणींचे मिनिटभराचे बोलणे त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करायचे आणि जसेच्या तसे कागदावर उतरवायचे. जसेच्या तसे म्हणजे अर्धवट तुटलेले शब्द, श्वास, हसू यांसकट. दोघी एकदम बोलल्या ती जागा चौकटी कंसात आणि मधली शांतता सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजून. एका मिनिटाच्या बोलण्याला तास सहज जातो. समजा, त्यात एकीने विचारले आहे, "उद्या येतेस ना?" होकार द्यायचा असेल तर तो लगेच येतो, कधीकधी प्रश्न पुरता संपण्याआधीच. नकार द्यायचा असेल तर आधी थोडी शांतता, मग "अं", मग "यायचं तर होतं गं", मग कारण; आणि 'नाही' हा शब्द पुष्कळदा उच्चारलाच जात नाही. तरीही विचारणारीला तो कळतो, इतका की समोरचीचे वाक्य पुरे होण्याआधीच ती "नाही जमलं तरी चालेल" म्हणून मोकळी होते. ही सारी देवाणघेवाण दोघींनी कोणी न शिकवता पार पाडलेली असते आणि नंतर विचारले तर त्यांना ती सांगता येत नाही. बोलता सगळ्यांना येते हे घरच्यांचे म्हणणे म्हणूनच खरे आहे, पण तेच या अभ्यासाचे कारणही आहे.

बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, याची पद्धतशीर मांडणी सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या तिघा अमेरिकी संशोधकांनी १९७४ मध्ये केली. पुढे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दहा भाषांमधील प्रश्नोत्तरे तपासली गेली, तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांमधील सर्वसाधारण अंतर सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढे निघाले; भाषेगणिक थोडा फरक होता, पण मूळ घडण सारखीच होती. साधे चित्र पाहून त्याचे नाव उच्चारायला माणसाला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, हे लक्षात घेतले तर ऐकणारा समोरच्याचे बोलणे चालू असतानाच उत्तराची जुळवाजुळव करीत असला पाहिजे, असा निष्कर्ष निघतो. माझ्या मते या विषयातील सर्वांत रोचक भाग हाच. याखेरीज गटात निर्णय कसे होतात, कार्यालयात माहिती कुठे अडते, कुटुंबात भांडण कसे वाढते आणि कसे मिटते, प्रसारमाध्यमांचा मतांवर परिणाम कसा होतो, असे अनेक विभाग आहेत. अमेरिकेच्या १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की रेडिओ आणि वृत्तपत्रांपेक्षा ओळखीपाळखीच्या माणसांच्या बोलण्याचा मतदारांवर अधिक प्रभाव पडत होता. त्या निष्कर्षावरचा वाद आजही वर्गात रंगतो.

आता भीतीबद्दल. तीही या विषयात अभ्यासाची वस्तू आहे. संज्ञापनाचे अभ्यासक जेम्स मॅक्रॉस्की यांनी ती मोजण्यासाठी तयार केलेल्या आणि पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या एका प्रश्नावलीत २४ विधाने आहेत, आणि ती चार प्रसंगांत विभागलेली आहेत : दोघांमधले बोलणे, छोट्या गटातली चर्चा, सभा-बैठक आणि व्यासपीठावरचे भाषण. ही विभागणी महत्त्वाची आहे, कारण व्यासपीठावर गळाठणारा माणूस गटचर्चेत अगदी मोकळा असू शकतो. तुम्ही स्वतःला सरसकट भित्री न ठरवता नेमके कुठे अडखळता ते आधी पाहा. लहान गटापासून सुरुवात करून श्रोते हळूहळू वाढवत नेणे आणि मजकूर शब्दशः पाठ न करता मुद्द्यांच्या आधारे बोलणे, या दोन्ही उपायांनी पुष्कळांची भीती आटोक्यात येते.

तेव्हा विषय जरूर घ्या. मात्र प्रवेशाआधी अभ्यासक्रम नीट वाचा. संशोधनपद्धतीचा एकही पेपर नसेल आणि सगळा भर सादरीकरणावर असेल, तर तिथे तुम्हाला वर सांगितलेल्यापैकी फारसे काही मिळणार नाही. संशोधनपद्धतीबरोबर संख्याशास्त्रही येते, हे मात्र अनेकांना प्रवेश झाल्यावर कळते आणि मग रडारड होते.

प्रश्न : व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका शिबिरात सांगितले गेले की संवादाचा ९३ टक्के भाग देहबोली आणि आवाजाचा असतो, शब्दांचा केवळ ७ टक्के. महाविद्यालयात हेच शिकवतात का?

उत्तर : हे आकडे शिकवतात, पण ते कसे वापरू नयेत याचे उदाहरण म्हणून. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या दोन प्रयोगांतून हे गणित निघाले. त्या प्रयोगांत प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नावडते हे ऐकणारा कशावरून ताडतो. आणि त्यासाठी सुटे शब्द, निरनिराळे आवाजाचे सूर आणि चेहऱ्यांची छायाचित्रे वापरली होती. "मी रागावलेलो नाही" असे कोणी दात-ओठ खात म्हटले तर आपण चेहऱ्यावर विश्वास ठेवतो, इतपत ते ठीक आहे. त्यावरून संवादाच्या ९३ टक्क्यांना शब्द लागतच नाहीत असे म्हणणे हा विपर्यास आहे, आणि आपले समीकरण केवळ भावना व आवडीनिवडींपुरते आहे असा खुलासा मेहराबियन यांनी स्वतः केलेला आहे. दूरध्वनीवर चेहरा दिसत नाही, तरी पत्ता बिनचूक सांगता येतो, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

अर्थात चेहऱ्याला महत्त्व नाही असे नव्हे. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या संशोधकांनी 'बा' हा आवाज 'गा' म्हणणाऱ्या ओठांच्या चित्रफितीवर जोडून दाखवला, तेव्हा बहुतेक प्रौढांना 'दा' ऐकू आले. डोळे मिटले की पुन्हा 'बा'. गंमत अशी की ही युक्ती आधी ठाऊक असली तरी 'दा' ऐकू यायचे थांबत नाही.

प्रश्न : हा विषय घेऊन स्पीच थेरपिस्ट होता येईल का?

उत्तर : केवळ एवढ्यावर नाही. वाचादोष, तोतरेपणा, पक्षाघातानंतर गेलेली वाणी किंवा गिळण्यातील अडचणी यांवर उपचार करण्यासाठी शरीररचना, श्रवणशास्त्र आणि देखरेखीखालील प्रत्यक्ष रुग्णसेवा असलेली स्वतंत्र पदवी लागते, आणि अनेक देशांत त्यानंतर नोंदणी किंवा परवानाही आवश्यक असतो. काही विद्यापीठांत दोन्ही अभ्यासक्रमांची नावे सारखीच वाटतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या पदवीवर नोंदणी मिळते का, हे विभागाकडे लेखी विचारून घ्यावे.